शेऱ्याखालची सही

हडपसरला आमच्या शाळेसमोर वह्या-पेनांचे एक लहानसे दुकान होते. दुकानदारांना मुले ‘चाचा’ म्हणत. साधे खोडरबरही ते रुमालाने पुसून मगच हातात देत.

एकदा माझ्या वर्गातील चार मुलांच्या डायऱ्यांत, मी लिहिलेल्या शेऱ्यांखाली, पालकांची म्हणून एकच सही आढळली. ती चाचांची असल्याचे मुलांनी कबूल केले, तसे मी तडक दुकान गाठले.

“चार आडनावांच्या मुलांचे पालक आपण एकटेच का?”

“नाही, सर.” ते पेन पुसत राहिले. “घरी डायरी दाखवली की आधी मार बसतो. मी आधी काय झालं ते विचारतो, मग सही करतो.”

“हे नियमात बसत नाही.”

“बरं. उद्यापासून नाही करणार.”

त्यांनी शब्द पाळला. डायऱ्या सहीविना येऊ लागल्या आणि नियमानुसार मी त्या मुलांना वर्गाबाहेर उभे केले. त्यांतील एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परतलीच नाही. का, हे मी विचारले नाही.

आता शाळेत समुपदेशन कक्ष आहे. तिथल्या बाई मुलांना समोर बसवून प्रथम विचारतात, “काय झालं?”

ते ऐकून मी चाचांना शोधायला निघालो. दुकान केव्हाच बंद झाले होते आणि त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते. ती सही मी चार डायऱ्यांत जुळवून पाहिली होती. वाचली मात्र नव्हती.