लाक व्हिएत नेमके कुणाचे?

मला शांतता सोसत नाही. चार माणसं गप्प बसली की माझा जीव खालीवर होतो आणि तोंडातून काहीतरी निघतंच. २०१४ साली सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेच झालं.

बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या व्हिएतनामी मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीचा, तिथल्या च्वांग लोकांपैकी. त्या वर्षी समुद्राच्या हद्दीवरून दोन्ही देशांची जुंपलेली, त्यामुळे तिचे वडील कुरकुरतच सिंगापूरला आले होते. वडिलांचा होकार नसेल तर लग्न नाही, असं तिने मला दहादा सांगितलेलं. ती भाड्याच्या एका खोलीत राहायची, म्हणून बैठक आमच्याकडे ठेवली.

समोरासमोर तिचे वडील आणि मुलाची आई. दोघंही पोह्यांकडे बघून हसत होते आणि बोलत मात्र कुणीच नव्हतं. शेवटी आपल्याकडे अशा बैठकीत विचारतात तेच मी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नातून गावं निघतात, गावांतून ओळखी निघतात आणि पाहुणे सैल होतात, एवढंच मला ठाऊक.

मुलीने वडिलांना सांगितलं, मुलाने आईला. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते ताठ बसले. "आम्ही लाक व्हिएत या प्राचीन लोकांचे वंशज. आमचे पहिले राजे त्यांच्यातलेच."

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. "ते तर आमचे पूर्वज. त्यांचे काशाचे ढोल आमच्या डोंगरात सापडतात."

"आमच्याकडेही सापडतात!"

झालं! हजारो वर्षांपूर्वीची माणसं आमच्या हॉलमध्ये येऊन बसली. 'लाक' म्हणजे काय, इथूनच वाद. वडील म्हणाले, ढोलावरचा पक्षी. मुलगा दबकत म्हणाला, काही अभ्यासक भरतीच्या पाण्यावरची शेती म्हणतात. आणि 'व्हिएत' तर, तोच पुढे म्हणाला, उत्तरेच्या चिनी दरबारातल्या लेखकांनी दक्षिणेतल्या कितीतरी जमातींना सरसकट लावलेलं नाव. मुलगी भाषांतर करून घामाघूम झाली होती. मी उगाचच चार वेळा स्वयंपाकघरात जाऊन आले. स्वतःचा असा संताप येत होता की विचारू नका.

त्यात आमचे हे, बोटीवरून नुकतेच सुट्टीवर आलेले, आनंदाने म्हणाले, "म्हणजे दोघं एकाच कुळातले की! छान झालं!"

मी डोळे वटारले. आपल्याकडे एवढ्यावर स्थळ मोडतं. त्यांच्याकडेही तसंच असावं, कारण मुलाच्या आईचा चेहरा उतरला आणि वडील उठलेच.

दारात एक बूट चढवून ते काहीतरी बोलले. या वेळी मुलीने भाषांतर केलं नाही. तिने त्यांना तिथेच उत्तर दिलं, हळू आवाजात. मग आमच्याकडे वळली.

"बाबा विचारतात, माझ्या नातवंडांना लोक काय म्हणतील? चिनी? मी म्हटलं, बाबा, त्या जुन्या माणसांना परक्यांनी नाव दिलं. ते स्वतःला काय म्हणायचे, कुणी विचारलंच नाही. माझ्या मुलांना तुम्ही तरी विचारा."

वडील दारातल्या स्टुलावर बसले. एका पायात बूट तसाच. कुणीच बोलेना, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मीही गप्प राहिले. बऱ्याच वेळाने ते वाकले आणि त्यांनी तो बूट काढला.