हनुवटीवरचा ठिपका
फ्रेमच्या दुकानातला पॉलिशचा वास आला की द्वारकेतल्या माझ्या घरातली ती सकाळ आठवते. आईच्या पहिल्या पुण्यस्मरणासाठी बाबा अकोल्याहून आले होते. तिचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, नखाएवढा. मोठा करताना अंधूक होऊ नये म्हणून मी तो ॲपमध्ये टाकला आणि त्यावरचे डाग एकेक करून पुसले. भिंतीवरच्या फ्रेममध्ये आईचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. बाबा चष्मा लावून जवळ गेले. "हिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं रे?" मी म्हणालो, "कॉम्प्युटरनं काढलं असेल, बाबा." "अच्छा," म्हणत त्यांनी काचेवर नेमक्या त्याच जागी बोट ठेवलं. तो हिरवा ठिपका डाग समजून मीच पुसला होता, हे मी त्यांना अजून सांगू शकलेलो नाही.