पडलं की पाडलं

मैनामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. अमरावतीत आमच्या घराला लागून तिची खोली होती, एवढंच नातं. पण मी महिन्याची असताना तिने माझ्यासाठी चार दिवस चोरी केली आणि मग ती चोरी भर अंगणात, स्वतःच्या तोंडाने सांगून टाकली. सख्ख्या मावश्यांनी माझ्यासाठी यातलं एकही केलं नाही, म्हणून मी तिच्याबद्दल लिहिते आहे. बरंचसं मला आईनं सांगितलं आणि शेवटचं मावशीनं स्वतः.

ते कापसाचे सोन्याचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडातल्या कापसासाठी हपापल्या होत्या. वलगावपासून अकोटापर्यंत ज्याच्या त्याच्या वावरात कापूसच कापूस. ज्वारी पेरायला कोणी तयार नाही. त्यामुळे ज्याच्या घरी कापूस त्याच्या डोक्याला नवा फेटा, आणि ज्याच्या घरी नाही त्याच्या चुलीला सुट्टी. आम्ही चुलीला सुट्टीवाले. माझे वडील जानराव कापसाच्या गाड्या हाकत खानदेशाकडे गेले होते. ते दोन महिन्यांनी येतील की चार, हे त्यांचे बैलसुद्धा सांगू शकले नसते.

मावशी मूळची वलगावच्या कुणब्याची सून. तिचा नवरा नत्थुजीही गाडीवानच. वाटेत कधीतरी त्याची एका उपदेशकाशी गाठ पडली, आणि वर्षाच्या आत नवराबायकोनं बाप्तिस्मा घेतला. गावानं विहीर बंद केली, तेव्हा दोघं अमरावतीला आली. पुढं पटकीच्या साथीत नत्थुजी गेला. त्याचा चुलत भाऊ खुशालराव तेव्हा अमरावतीच्या वेशीवरच बकऱ्या पाळून राहत होता. मावशीनं निरोप धाडला, पण बाटलेल्याला खांदा देणार नाही म्हणून तो आला नाही. प्रार्थनाघरातल्या चौघांनी नत्थुजीला उचललं. त्यातले दोघं इतके बुटके होते की तिरडी सारखी एका अंगाला कलत होती. मावशी मागून चालत होती आणि रडण्याऐवजी नवरा पडतो की काय याच धास्तीत होती. त्या दिवशी तिनं ठरवलं, खुशालरावाच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

तिची रोजची प्रार्थना म्हणजे निम्मं भांडण असायचं. पहाटे चूल पेटवण्याआधी ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि देवाशी वऱ्हाडीत बोलायची. काल तू असं काहून केलं, आज तरी नीट वाग, असा एकंदर सूर. आई सांगते, सुरुवातीला तिला वाटलं की शेजारणीकडे पाहुणा आला आहे आणि त्याची खरडपट्टी चालली आहे.

तिला वाचता येत नव्हतं. प्रार्थनाघराचे उपदेशक देवीदास दर रविवारी तिला एकच विचार द्यायचे. तो ती आठवडाभर सरकी काढायचा रेचा फिरवता फिरवता घोळवायची. देवीदास देशावरचे, बोलणं एकदम पुस्तकी. शेजाऱ्यावर प्रेम करावं हा विचार मिळाला त्या आठवड्यात तिनं परत जाऊन विचारलं होतं की कोणत्या बाजूच्या शेजाऱ्यावर, कारण उजवीकडे जमुना आहे पण डावीकडे माणिकबाई आहे. जमुना म्हणजे माझी आई.

या तिघीही हलीमाबीच्या अंगणात कामाला होत्या. हलीमाबी विधवा, कापसाचा धंदा नवऱ्यामागे तिनंच सांभाळलेला. अंगणात बारा रेचे मांडलेले. रेचा म्हणजे लाटण्यासारख्या दोन लाकडी लाटा आणि एक दांडा. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं कापूस लाटांमध्ये सारायचा, की रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे गळते. संध्याकाळी प्रत्येकीनं आपापली जागा झाडायची आणि जे झाडण निघेल ते घरी न्यायचं. हा हक्क हलीमाबीच्या सासऱ्यानं दिलेला होता. ‘पडलं ते तुमचं’, एवढाच त्याचा कायदा. माती, काडीकचरा आणि त्याला चिकटलेली रुई. एरवी त्याच्या फार तर वाती व्हायच्या.

पण रुईला भाव आल्यावर झाडणालाही भाव आला. मागच्या गल्लीतला जैनुद्दीन पिंजारी ते पिंजून गाद्यांत भरायला रोख पैसे देऊन घेऊ लागला. आणि मग नवल असं झालं की सगळ्या बायकांच्या हातून एकाएकी जास्त रुई पडू लागली. वर्षानुवर्षं रेच्यावर बसलेले हात कापायला लागले. माणिकबाईचे तर इतके कापायचे की तिचं गाठोडं डोक्यावर घ्यायला दुसरी बाई लागायची.

मावशीचं गाठोडं मात्र पूर्वीएवढंच, मुठीएवढं. त्या दिवसांत देवीदासांनी तिला दिलेला विचार होता, मोहात पडू नये. ती हसून म्हणाली होती, उपदेशकजी, आमच्या अंगणात पडलं ते आपलंच असतं. देवीदासांना त्यातलं काही कळलं नाही. ते गंभीरपणे मान हलवून निघून गेले.

त्या पौषात माझा जन्म झाला. बाळंतपणातच आईला ताप भरला, आणि मी महिन्याची होईतो तिचं दूध पार आटलं. घरात ती आणि मी, दोघीच. मावशी आपल्यातली अर्धी भाकरी आईला द्यायची आणि बाजारातून विकतचं बकरीचं दूध आणून कापडाच्या बोळ्यानं माझ्या तोंडात पिळायची. तिच्या मजुरीत एका बाईचं पोट कसंबसं भरत होतं. त्यात अडीच पोटं कशी भरणार? मंगळवारी दुधाला पैसे उरले नाहीत. तिनं मला पेजेचं पाणी पाजलं, ते मी ओकून टाकलं. संध्याकाळपर्यंत माझं रडणंही बारीक झालं होतं.

बुधवारी मावशीच्या हातून रुई पडली. आधी चिमूटभर, मग मूठभर. तिनं ती सरकीच्या कडेला पायानं सारली आणि वर कचरा ओढला. संध्याकाळी जैनुद्दीनकडे गाठोडं दिलं आणि दूध घेऊन घरी आली. मी प्याले आणि झोपले. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी तसंच. तिच्याजवळ उत्तर तयार होतं. लेकराच्या तोंडात जातं आहे, माझ्या नाही. हलीमाबीच्या ढिगातून मूठभर गेली तर तिला कळणारही नाही. आणि मदत करायला तर देवानंच सांगितलं आहे.

उत्तर पक्कं होतं, तरी पहाटेचं बोलणं आखूड होत गेलं. शनिवारी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि लगेच उठली. आईनं खाटेवरून, भिंतीपलीकडून विचारलं, आज भांडण नाही का. मावशी म्हणाली, काम लई आहे.

रविवारी देवीदासांचा विषय होता परोपकार. बोलता बोलता त्यांनी सगळ्यांसमोर मावशीकडे हात केला आणि म्हणाले की या बाईकडे पाहा, आपल्या धर्माचीही नसलेल्या शेजारणीचं लेकरू ही स्वतःच्या घामावर जगवते आहे. वीस-पंचवीस माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. मावशीनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, केवढी नम्रता. खरं म्हणजे तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

त्या दिवशी घरी येऊन ती कुणाशी बोलली नाही. आईला म्हणाली ते एवढंच की शनिवारचे पैसे उद्यापर्यंत पुरतील, पुढं दुधाचं दुसरं काही बघावं लागेल. आईनं तिचे पाय धरले. खोदखोदून विचारल्यावर कारण कळलं, तेव्हा तर ती चिडलीच. माझ्या आईचं म्हणणं अगदी सरळ होतं. सगळ्या बायका पाडतात, तूच एकटी सांगायला काहून जातेस, आणि तुझ्या खरेपणापायी माझी पोर मारतेस का. मला विचाराल तर आईचं काही चुकलं नाही. मीही तेच म्हटलं असतं. मला बोलता येत नव्हतं एवढंच.

सोमवारी सकाळी हलीमाबी कापूस वाटून देत होती. आईच्या जागी आलेली धरून बाराही जणी उभ्या होत्या. मावशी पुढं झाली.

“बीबी, बुधवारपासून शनिवारपर्यंत माह्यं झाडण पडलेलं नव्हतं. मी पाडलं होतं.”

माणिकबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. हलीमाबीनं हातातली टोपली खाली ठेवली. तिला सगळं ठाऊक होतं. ती इतके दिवस बघत होती, पण सासऱ्याचा शब्द मोडायचा कसा म्हणून गप्प होती. तिनं विचारलं की अजून कोण कोण पाडतं. मावशी म्हणाली, मी माझ्या हाताचं सांगते, दुसऱ्यांचे हात माझे नाहीत.

हलीमाबी म्हणाली,

“चोरी करून कोनी सांगत नाई मैना. आता तुले ठेवू का काढू, तूच सांग.”

मावशी म्हणाली, ते तुमच्या हातात आहे. हलीमाबीनं तिला काढलं नाही. रेच्यावरून मात्र उठवलं. होळीपर्यंत कापसातला कचरा वेचायचं काम, कमी मजुरीवर, आणि झाडणाचा हक्क बंद. त्या संध्याकाळी अकरा गाठोडी मुठीएवढी निघाली. जाताना माणिकबाई मावशीला नाही नाही ते बोलली. मावशीशी महिनाभर अंगणात कोणी धड बोललं नाही.

पण माझं दूध राहिलंच होतं. आणि इथं मावशीनं जे केलं त्याबद्दल तिला स्वतःला फार बोलायला आवडत नसे. मंगळवारी पहाटे ती देवाशी बोलली ती बराच वेळ. मग उठली आणि वेशीकडे, खुशालरावाच्या दारात जाऊन उभी राहिली. नवऱ्याची तिरडी कलत गेली त्यानंतर पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली की एका हिंदूच्या लेकराला दूध पाहिजे, पैसे नाहीत, तुमचा गोठा मी रोज झाडीन.

खुशालराव बराच वेळ विचारात पडला. बाटलेली बाई घरात येऊ शकत नाही हे नक्की होतं. पण गोठा घरात धरायचा की बाहेर, यावर त्यानं मनातल्या मनात मोठी पंचायत बसवली असावी. शेवटी त्यानं ठरवलं की बकऱ्यांना बाट लागत नाही. त्या दिवसापासून होळीच्या पुढंही, वडील परत येईपर्यंत, मावशी रोज पहाटे त्याच्या गोठ्यातल्या लेंड्या झाडायची, खुशालराव लांबून तिच्या लोट्यात दूध ओतायचा, आणि ते माझ्या पोटात जायचं. भिंतीकडे तोंड करून बसायला वेळ उरत नसे. देवाशी काय बोलायचं ते ती खराटा चालवता चालवता बोलायची. बकऱ्यांनी त्या काळात धर्माचं बरंच ऐकलं असणार.

मी मोठी झाले, माझं लग्न ठरलं, तेव्हा ही गोष्ट पुन्हा निघाली. मावशी तोवर थकली होती, पण जीभ तीच. मी तिला विचारलं की खुशालरावाचं दार तर पहिल्या दिवशीही तिथंच होतं, मग बुधवारी रुई का पाडलीस. ती म्हणाली, त्या दारात जाण्यापेक्षा चोरी सोपी वाटली. मोह रुईचा नव्हताच. मी कुणापुढं वाकणार नाही, हा मोह होता, आणि तुझी भूक मी त्याच्यावर पांघरूण म्हणून घातली. चार दिवस मला वाटत होतं की मी तुझ्यासाठी पाप करते आहे. मी ते माझ्या नाकासाठी करत होते.

हे सगळं ती भाजी निवडत, अगदी सहज सांगत होती. मला मात्र राग आला. खरं सांगते, फार राग आला. तिचं पाप, तिचा देव, तिचं नाक, सगळं ठीक होतं. पण सोमवारी तिनं तोंड उघडलं तेव्हा मंगळवारच्या दुधाचा पत्ता नव्हता. खुशालरावानं दार लावून घेतलं असतं तर?

“मावशी,” मी म्हटलं, “मी मेले असते तर?”

तिनं भाजी बाजूला सारली.

“तू मेली असती तर मी देवाशी बोलनं टाकलं असतं,” ती म्हणाली. “तसं त्याले सांगूनच मी सोमवारी घरातून निघाली व्हती.”

मी जगले. मावशी पुढं एकोणीस वर्षं होती, आणि गेली त्या दिवशी पहाटेही तिचं त्याच्याशी भांडण भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, असं आई सांगते.