बेचाळिशीचा खेळाडू

"आधी वाईट ऐका," असं म्हटल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरूच होत नसे. चहाला बोलावलं तरी, "आधी वाईट ऐका भाई, दूध पावडरचं आहे." जुना फ्रिज विकताना त्यांनी त्याच्या इतक्या खोडी सांगितल्या की घ्यायला आलेला माणूसच त्यांची समजूत घालत बसला. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला जपा.

ते वसईचे. नव्वदच्या दशकात ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेजारच्या कारखान्यात होते आणि तिथल्या बास्केटबॉल टीमचे कप्तान. शुक्रवारी कारखान्यांचे सामने व्हायचे. त्यात त्यांनी आम्हाला बरीच वर्षं रडवलं.

मग त्यांचा कारखाना बंद व्हायला आला. महिनाअखेरीपर्यंत दुसऱ्या नोकरीवर नवा व्हिसा मिळाला नाही तर बायको-मुलीला घेऊन परत जायचं. मुलगी बारावीला, परीक्षा चार महिन्यांवर. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक जागा रिकामी होती आणि आमचे ओमानी मॅनेजर अशा जागेवर खेळाडूच आणायचे. दुसरा उमेदवार चोवीस वर्षांचा, ताडमाड. हे बेचाळीस.

मी आमच्या टीमचा सेक्रेटरी. शब्द टाकायला रत्नागिरीकर मागे राहत नाही. त्यांना भेटायला गेलो.

"आधी वाईट ऐका. डावा गुडघा गेलाय. दहा मिनिटांवर टिकत नाही. तो दुसरा चांगला आहे, त्याला घ्या."

मला रागच आला. मॅनेजरना मी त्यांचे जुने सामने रंगवून सांगितले, गुडघा तेवढा गिळला.

शुक्रवारी चाचणीचा सामना झाला. आठव्या मिनिटाला ते रिंगखाली उडाले आणि पाय धरूनच खाली आले. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या पायात चपला होत्या.

ते लंगडत मॅनेजरपाशी गेले. "अर्बाब, घुटना दो साल से खराब है. मैंने भाई को बताया था. भाई को मेरी फिकर है, इसलिए नहीं बोला."

मॅनेजर त्यांच्या गुडघ्याकडे बघत म्हणाले, "व्हिसा मांगनेवाला हर आदमी बोलता, सब ठीक. ये पहला आदमी, खराब बोलता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टोअर का चावी इसको दो. खलास. तुम्हारा बात बाद में."

पुढची सहा वर्षं ती चावी त्यांच्याकडेच होती. शुक्रवारी ते मैदानाकडेला खुर्ची टाकून बसत आणि पोरं माझ्यापेक्षा त्यांचंच ऐकत. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि जीवही होता त्यांच्यावर. आता ते वसईला असतात.

त्या चाचणीच्या शुक्रवारी मी त्यांना गाडीतून घरी सोडलं. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खोकी भरून, दोऱ्या आवळून तयार. त्यांची बायको दारातच उभी.

"भाभी, दोऱ्या सोडा," मी म्हणालो.

भाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली तशी त्या तिथेच खाली बसल्या.  मुलीने वरच्या खोक्याची गाठ दातांनी सोडली, फिजिक्सचं पुस्तक काढलं आणि खोक्याला टेकून वाचायला लागली.