कासव चांगलं चपळ असतं

सांगतो, पण आधी चहा संपवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंच्या तोंडातून चहा उडाला आणि सतरंजी धुवायला टाकावी लागली. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं. सतरंजी धुवायची म्हणजे घरात बैठक घेऊन ठरवावं लागतं.

तर मी सेलूकर. बँकेतून निवृत्त झालो आणि सिनेमाचा जाणकार झालो. कुणी केलं म्हणून विचारू नका, माझा मीच झालो. आमची सोसायटी सातारा परिसरात, म्हणजे ते सातारा गाव नव्हे, वेरूळच्या अलीकडचं आमचं शहर, त्यातला हा बीड बायपासच्या पलीकडचा भाग. काही वर्षांमागं तिथं ज्वारी होती, आता आम्ही आहोत. बिल्डरनं नाव ठेवलंय जलतरंग. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला, बोअर आटलं, आणि जलतरंगची माणसं बादल्या घेऊन जिन्यात टँकरची वाट बघत बसायला लागली.

आता जिन्यात दोन-दोन तास बसून माणूस करणार काय? मी कानात इअरफोन घालून मोबाईलवर सिनेमे, डॉक्युमेंटऱ्या आणि पॉडकास्ट असा सगळा फडशा पाडायला लागलो. सगळं एकाच अ‍ॅपवर मिळायचं. ते अ‍ॅप टाकलेलं आमच्या मुलीनं, ऋतानं. तिचा फोन बिघडला तेव्हा ती स्पर्धा परीक्षेची लेक्चरं माझ्या फोनवर ऐकायची. मग ती परीक्षा पास झाली, नोकरी लागून पुण्याला गेली, आणि अ‍ॅप माझ्याकडं राहिलं. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

दर रविवारी सकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर माझं मत टाकायचो. कुणी मागत नव्हतं. पण मत काय मागून देतात का?

एका घरगुती सिनेमाबद्दल मी लिहिलं होतं, ‘बाप-लेकाचं भांडण उत्तम, कुणी कुणाला श्वास घेऊ देत नाही. मात्र अंत्ययात्रा फार घाईत काढली आहे. खांदेकरी अक्षरशः पळतात. मयताला इतकी घाई बरी नव्हे.’ वेरूळच्या लेण्यांवर एक डॉक्युमेंटरी होती. त्यात छिन्नी-हातोडा चालवणारे कारागीर दाखवले होते. मी लिहिलं, ‘हात इतक्या वेगानं चालत असतील तर एवढी वर्षं का लागली, याचा खुलासा होत नाही.’ एक सिनेमा सगळ्यांनी संथ, कंटाळवाणा म्हणून सोडून दिला होता. मला तो भलताच चटपटीत वाटला. मी ग्रुपवर दिग्दर्शकाचं अभिनंदनही करून टाकलं. आणि कासवांवरची ती डॉक्युमेंटरी. तिच्यावर मी चांगले दोन परिच्छेद लिहिले होते. सार असं, की कासवाबद्दल आपल्याकडं लहानपणापासून गैरसमज पसरवला जातो. प्रत्यक्षात कासव चांगलं चपळ असतं.

हळूहळू माझा एक सिद्धांतच तयार झाला. हल्ली सगळ्यांना घाई झालीय. नट घाईत बोलतात, गायक घाईत गातात, चिंतन करणारे घाईत चिंतन करतात. प्रत्येक मताच्या शेवटी मी हे वाक्य टाकायचोच. बायकोनं एकदा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून विचारलं होतं, “अहो, ही माणसं अशी काय पळतायत?” मी म्हणालो, शैली आहे ती. तिनं कणीक मळायला घेतली आणि विषय तिथंच संपला. तेव्हा तिनं आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. म्हणजे थोडी चूक तिचीही आहे.

या सगळ्यात मला सर्वात आवडायचा तो ‘खडकाशी गप्पा’ नावाचा पॉडकास्ट. करमाडचे तांगडे नाना तो करायचे. घरची शेती, पण उभं आयुष्य आसपासच्या विहिरी मोजण्यात घालवलेलं. कुठं खडक, कुठं मुरूम, कुठं पाणी, सगळं तोंडपाठ. आणि बोलणं काय सांगू, एकदम तडफदार. शब्दाला शब्द चिकटलेला, मधे श्वासाची जागा नाही. मी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पंचविशीतल्या पोरानं ऐकून लाजावं असा झपाटा.’

ग्रुपवर त्यांचा पॉडकास्ट ऐकणारा मी एकटाच. बाकीचे टँकरवाल्याला फोन लावण्यात गुंतलेले.

उन्हाळा तापला तसं सोसायटीनं ठरवलं, एक शेवटचं बोअर घ्यायचं. आमचे सेक्रेटरी बनकर, मूळ फुलंब्रीकडचे शेतकरी, नोकरीला शेंद्र्याच्या कंपनीत. ते म्हणाले, हे कोरडं गेलं तर पुन्हा कुणी वर्गणी देणार नाय, मग खोल्या सोडून जायची पाळी येईल. खरंच होतं ते. तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब आधीच गावाकडं गेलं होतं. जागा कोण दाखवणार, यावर चर्चा सुरू झाली आणि मी हात वर केला. म्हटलं, माझ्या ओळखीचे तांगडे नाना आहेत. ओळख म्हणजे मी त्यांना ओळखत होतो, ते मला नाही. त्यांच्या मुलाशी मेसेजवर बोलून रविवार ठरवला. फोन करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. इथंच घात झाला.

रविवारी सकाळी दहा वाजता बोअरची गाडी गेटात उभी. त्या वर्षी बोअरची गाडी मिळणं म्हणजे लग्नाला मुहूर्त मिळण्यासारखं होतं. गाडीवरच्या तमिळ माणसानं तोडक्या हिंदीत बजावलं होतं, अकरापर्यंत जागा दाखवा, नाहीतर मी निघालो चिकलठाण्याला, दुसऱ्या बोअरला. तेवढ्यात नानांच्या मुलानं त्यांना गेटाशी सोडलं. घरात लग्न होतं, तो कापडाच्या खरेदीला गुलमंडीला जाणार होता. तीनपर्यंत न्यायला येतो म्हणाला आणि गेला.

नाना आत आले. पांढरा पायजमा, हातात काठी. पूर्वेच्या कोपऱ्यात चपला काढल्या, कारण जमीन बघताना ते अनवाणी चालतात. मग चालायला लागले. एक पाऊल. थोड्या वेळानं दुसरं. मला जरा विचित्र वाटलं. पार्किंगच्या मधोमध येऊन ते थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “सेलूकर…”

मी वाट बघितली. गेटातून एक स्कूटर बाहेर गेली.

“…साहेब,” नाना म्हणाले. “इथं…”

आणि पुन्हा थांबले. चेहरा शांत, ओठ अर्धवट उघडे. हा माणूस मी सहा महिने रोज ऐकतोय. हे त्यांचं बोलणं नाही. ह्यांना काहीतरी होतंय.

आता मी आरोग्याचे पॉडकास्टही ऐकायचो. पक्षाघातावर एका डॉक्टरांचा होता. इतक्या घाईघाईनं ते सांगत होते की ऐकतानाच माझी छाती धडधडत होती. एवढं मात्र पक्कं कळलं होतं की वेळ फार थोडा असतो. रुग्णाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, बोलणं अडखळतंय का बघा.

मी म्हणालो, “नाना, हसा बरं.”

नानांनी माझ्याकडं बघितलं. मग ते हसायला लागले. आधी डावीकडून. उजवी बाजू यायला अजून वेळ होता, पण मी काही थांबलो नाही. म्हटलं, हात वर करा. त्यांनी एकच हात वर केला. दुसऱ्या हातात काठी होती हे माझ्या नंतर लक्षात आलं, बरंच नंतर.

मी ओरडून सगळ्यांना सांगितलं की नानांना झटका आलाय. कुणी शंका घेतली नाही. घेणार कशी? त्यांचं नेहमीचं बोलणं ऐकलेला तिथं मी एकटाच. चौघांनी त्यांना उचललं आणि माझ्या गाडीत मागं बसवलं. शेजारी बायको बसली आणि त्यांचा हात धरून राहिली. नाना म्हणत होते, “अहो… माझी…” आणि पूर्वेच्या कोपऱ्याकडं बोट दाखवत होते. मी म्हणालो, नाना, आता बोलू नका, त्रास घेऊ नका. दार लावलं. गाडी काढली. बायपासवर मी ज्या वेगानं गाडी हाणली, त्या वेगाचं एखाद्या सिनेमात मी कौतुकच केलं असतं.

जालना रोडवरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होती. तिनं सगळं तपासलं. रक्तदाब उत्तम, नाडी उत्तम, हातापायात ताकद माझ्यापेक्षा बरी. नाना तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते, प्रत्येक उत्तर बरोबर होतं, फक्त ते यायला वेळ लागत होता. ती म्हणाली, काका, यांना काहीच झालेलं नाही, हे असेच बोलत असतील.

मला राग आला. मी तिला म्हणालो की तुम्ही यांना आज बघताय, मी सहा महिने ऐकतोय. आणि पुरावा म्हणून फोन काढला, ‘खडकाशी गप्पा’ लावला, आवाज मोठा केला. फोनमधले नाना तडातडा बोलायला लागले. खाटेवरचे नाना मान वाकडी करून ऐकू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, पण ते पूर्ण उमटायचं होतं.

डॉक्टरनं दोन वाक्यं ऐकली, माझ्या हातातून फोन घेतला आणि पडद्यावरचा एक आकडा मला दाखवला.

“काका, हे दुप्पट वेगावर लावलंय, आणि मधले थांबे गाळायचं बटणही चालू आहे. आम्ही अभ्यासाची लेक्चरं असंच ऐकायचो.”

तिनं बोट लावलं. आणि फोनमधले नाना म्हणाले, “नमस्कार… मंडळी…” अगदी खाटेवरच्यांसारखे.

माझ्या डोळ्यांसमोरून पळणारे खांदेकरी गेले, वेरूळचे कारागीर गेले, तो चटपटीत सिनेमा गेला. मग बायकोनं हळूच विचारलं, “म्हणजे अहो, ते कासव…”

मी म्हणालो, घरी गेल्यावर बोलू.

तेवढ्यात नानांचं मघाचं वाक्य पूर्ण झालं. “…चप्पल… राहिली.”

आता हे ऐका. मी बनकरांना फोन लावला, नाना ठणठणीत आहेत म्हणून सांगायला. पलीकडून मशीनची घरघर. बनकर गदगदलेल्या आवाजात ओरडून सांगत होते, “साहेब, काय माणूस हो! मरणाच्या दारात बी जाता जाता बोटानं जागा दाखवून गेला. तिथंच लावली मशीन. चारशे फूट झालं, नुसती धूळ निघतीय, पण आम्ही थांबत नाय!”

सोसायटीनं एका चपलेच्या जागेवर बोअर घेतलं होतं. चप्पलही गेली, मुरमाच्या ढिगाखाली.

परत आलो तेव्हा गाडी चिकलठाण्याला निघून गेली होती आणि सगळे पांढऱ्या धुळीनं माखून उभे होते. मी झाला प्रकार सांगितला. सगळा. बायको शेजारी उभी होती, त्यामुळं काही गाळता आलं नाही. बनकर खाली बसले. संपलं म्हणाले, आता काय पुन्हा वर्गणी निघत नसते. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण चारशे फूट कोरड्यात गडप होऊन तरी काय उपयोग.

नाना मात्र पुन्हा त्याच जागेवर गेले, पार्किंगच्या मधोमध. आणि सकाळी दहाला सुरू केलेलं वाक्य त्यांनी दुपारी दोनला पुरं केलं. या वेळी कुणी त्यांना मधे उचललं नाही.

“इथं… विहीर… होती.”

ही सोसायटी ज्वारीचं शेत होती तेव्हा त्यांनी ती स्वतः मोजलेली. बांधीव, आणि झऱ्याची. बिल्डरनं वर फरशा टाकून पार्किंग केलं होतं. बोअरची गरजच नव्हती, एवढंच ते सांगायला आले होते. मी दम धरला असता तर एका मिनिटाचं काम होतं. त्यांच्या हिशोबानं तीन मिनिटांचं.

फरशा काढल्या. विहीर बरोबर माझ्या गाडीच्या जागेखाली निघाली. पंधरा दिवस सगळ्यांनी मिळून गाळ काढला, आणि माझ्या वाट्याला इतरांपेक्षा दोन पाट्या जास्तच आल्या. तळाला पाणी लागलं. फार नाही, पण पिण्यापुरता टँकर सोडला तर वापराचं भागायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब परत आलं. मी नानांना गुलमंडीहून नवी चप्पल आणून दिली आणि ग्रुपवर मत टाकणं बंद केलं. कुणी का म्हणून विचारलं नाही, याचं जरा वाईट वाटलं.

महिन्याभरानं नानांनी ‘खडकाशी गप्पा’मध्ये जलतरंगच्या विहिरीवर एक भाग केला. बनकरांनी पार्किंगमध्ये स्पीकर लावला, विहिरीभोवती खुर्च्या मांडल्या, सगळी सोसायटी जमली. भाग सव्वा तासाचा. नानांनी सगळं सांगितलं, अगदी सावकाश आणि फार प्रेमानं. ‘माझ्यासाठी आजवर इतकी धावपळ कुणी केली नव्हती,’ असंही शेवटी म्हणाले. पण त्याआधी ते माझ्या नावावर आले. “आणि मग… तिथले… सेलूकर…” इथं ते थांबले. लोक माझ्याकडं बघत होते. “…साहेब… मला म्हणाले… हसा…”

अजून गाडीत बसवायचं होतं, दवाखाना यायचा होता, फोन लावायचा होता, आणि कासव तर बायकोनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मी बनकरांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, “जरा दुप्पट वेगावर लावता का?”

“नाय साहेब,” बनकर म्हणाले. “तुम्हीच लिहिता ना, हल्ली सगळ्यांना लई घाई झालीय.”

आणि त्यांनी आवाज तेवढा वाढवला.