राखेचा भात

मी माझ्या बायकोची कलाकृती कपाळाला लावली.

नुसती स्वतःच्या कपाळाला लावली असती तर एक वेळ मिटलं असतं. मी ती लोकांच्याही लावली. चूक माझी आहे, पूर्ण माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमचा मेहुणा गिरीश हा प्रसंग पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरतो, आणि त्याच्या सांगण्यात नारळही मीच फोडला असं येतं. नारळ मी फोडला नाही. (मी फक्त धरला होता.)

आमचं परळीत कापडाचं दुकान आहे. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय मी दुकानाचं शटर वर करत नाही. वडिलांचं तेच, आजोबांचं तेच. शिवाय परळी म्हणजे औष्णिक वीजकेंद्राचं गाव, कोळशाची राख वाऱ्यावर यायचीच. म्हणजे आमच्याकडे राख दोन प्रकारची. एक आपण लावतो, दुसरी आपोआप लागते.

ही दुसरी राख मंगल, म्हणजे माझी बायको, गेले काही महिने गच्चीवरून मऊ कुंच्याने गोळा करत होती. जुन्या धोतराच्या कापडातून ती गाळायची आणि डब्यांत भरून ठेवायची. एकदा मी विचारलंसुद्धा.

"अगं, घरात साबण असताना राखंनं भांडी कावून घासतीस?"

"घासायला न्हाई ओ. ह्याचं मी ताट करणार हाय. भात, भाकरी, समदं राखेचं. बीडच्या महोत्सवात ठेवायचंय."

"बरं बरं," मी म्हणालो.

(त्या वेळी मी सुरतच्या व्यापाऱ्याने मोबाईलवर पाठवलेल्या साड्या बघत होतो. मंगल "मी आता घर पेटवते" म्हणाली असती, तरी मी "बरं बरं"च म्हणालो असतो.)

बीडला शहराच्या मधोमध दरवर्षी हिवाळ्यात कलामहोत्सव भरतो. एका अंगाला खाण्याचे स्टॉल, मध्ये चित्रा-शिल्पांचा मांडव आणि पलीकडे गाण्याचं स्टेज. मंगल दोन दिवस आधीच बीडला गिरीशकडे गेली. मी म्हटलं, जाऊ दे, माहेरपण होईल. मग गिरीशचा फोन आला.

"दाजी, रविवारी महोत्सवाला याच. ताईचं तिथं..."

"हुरडा हाय का?"

"हाय की. पण ताईचं..."

"मग येतो!" आणि मी फोन ठेवला.

त्या अर्धवट वाक्यात काय होतं ते ऐका. मंगलने शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या आणि दोन्हींत पहिली श्रेणी मिळवली होती. लग्नानंतर तिच्या हाती ब्रश आला तो फक्त दिवाळीत उंबरा रंगवायला. इतक्या वर्षांनी तिने काहीतरी केलं, ते निवडलं गेलं आणि मांडवात ठेवलं गेलं. रविवारी संध्याकाळी परीक्षक फिरणार होते. त्यांना आवडलेल्या कलाकृती पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार होत्या. मंगलला बक्षीस नको होतं, हार नको होता. आपलं ताट पुण्याला जावं, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि मी हुरडा खायला निघालो होतो.

हुरडा खाल्ला. त्यावर शेंगदाण्याची चटणी, मग धपाटी, मग दही, मग परत हुरडा. पोट असं गच्च भरल्यावर मला कलेची ओढ वाटू लागली. मांडवात शिरलो. पहिलं चित्र नुसतं निळं होतं. मी मान तिरकी करून बघितलं, मागे सरकून बघितलं, शेवटी कापडाचा पोत चांगला आहे असं ठरवून पुढे गेलो. दुसऱ्या चित्रात एक म्हैस होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ती म्हैस न्हाई, ती एकटेपण हाय." मी हात जोडले आणि तिथूनही सटकलो.

मांडवाच्या कोपऱ्यात मात्र मला ओळखीचं काहीतरी दिसलं आणि जीव भांड्यात पडला. सारवलेली जमीन. पाट. पाटाभोवती रांगोळी. पाटावर पितळी ताट आणि ताटात मधोमध राखेची सुबक मूद. डाव्या हाताला लाल भुकटीची चिमूट. सगळ्याला चारी बाजूंनी दोरी बांधलेली.

आता परळीच्या माणसाला याचा दुसरा कुठला अर्थ लागणार? देवळात दोरी बांधतात ती रांगेसाठी! "हात लावू नये" अशी पाटीही होती. पण आपल्याकडे असल्या पाट्या नेहमी दुसऱ्यांसाठी असतात. खाली बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलं होतं, पण चष्मा खिशात होता आणि बोटांना दही लागलं होतं. मी बोटं पँटला पुसली, चपला काढल्या, दोरीखालून वाकून आत गेलो आणि तीन बोटं मुदीत खुपसून कपाळावर तीन पट्टे ओढले. "हर हर महादेव!" वर ताटात एक नाणंही ठेवलं.

मागे एक फेटेवाले आजोबा येऊन उभे राहिले होते. धारूरकडचे असावेत.

"पाव्हणं, कुठली म्हणायची ही विभूती?"

तिची वस्त्रगाळ झालेली बारीक पूड बोटांवर चोळत मी जाणकारासारखं म्हणालो, "परळीची."

(त्या मांडवात माझ्या तोंडून निघालेलं खरं वाक्य म्हणाल तर हे एकच!)

"परळीची? मग काय बोलायचं! लावा की जरा, सायेब." आणि त्यांनी फेटा मागे सारून कपाळ पुढे केलं.

मी लावली. त्यांच्यामागे त्यांच्या घरच्या बाई होत्या, त्यांनाही लावली. बाईंमागे आणखी दोघं उभे राहिले. नेमका त्याच वेळी स्टेजवर गोंधळ सुरू झाला, संबळ कडाडलं, आणि देवाचंच काही चाललंय असं समजून माणसं हुरड्याच्या स्टॉलवरून थेट आमच्या कोपऱ्याकडे वळू लागली. रांग एकटेपणाच्या म्हशीपर्यंत गेली. आपण दुकानदार माणूस. गिऱ्हाईक खोळंबलेलं आपल्याला बघवत नाही. मी दोरीच्या आत मांडी घातली.

"एका लायनीत या! चपला काढा! बायांना आधी जाऊ द्या!"

"ए, ढकलतो कावून बे?" आजोबा मागच्याला दरडावू लागले. ते आपणहून माझे सेवेकरी झाले होते. "महाराज लावायलेत न्हवं सगळ्यांला?"

पाव्हण्याचा सायेब आणि सायेबाचा महाराज व्हायला मला फारसा वेळ लागला नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं! लाल भुकटी मला कुंकू वाटली. (ती विटकर कुटून केलेली चटणी होती.) ते मी सवाष्णींना लावलं. एका आईने आजारी पोरासाठी विभूती मागितली, तिला हुरड्याच्या कागदात पुडी बांधून दिली. मग पुड्यांची मागणी वाढली. मूद खचली, बसली, आणि शेवटी ताटाच्या तळाचं पितळ दिसू लागलं. तेव्हा कुठे मला मुदीशेजारी एक गोल, करडी चकती दिसली. मी म्हटलं, देवस्थानवाल्यांनी साठ्याला वडी ठेवलेली दिसते. मी ती मोडली.

ती भाकरी होती.

एवढ्यात रांग मोडून गिरीश आत घुसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दाजी! दाजी, काय करायलाव तुमी?"

"आलास? ये, वाक खाली."

"अवो, हे ताईचं हाय!"

"तिचीपण पुडी ठेवलीया. खिशात हाय."

"पुडी न्हाई ओ दाजी! हे ताट! ताट ताईचं हाय! महिनाभर रोज रात्री बसून केलंय तिनं! पाटी वाचा, पाटी!"

मी चष्मा काढला. लावला. हातांना राख होती, ती काचांना लागली. पुसला, परत लावला. बारीक अक्षरं हळूहळू स्पष्ट झाली.

"पान वाढलंय." खाली, "मंगल, परळी वैजनाथ." त्याखाली, "माध्यम : राख."

माझ्या अंगातून जणू वीज गेली. पान वाढलंय! हे दोन शब्द मंगल मला रोज दोनदा ओरडून सांगते आणि मी रोज दोनदा "आलो आलो" म्हणत मोबाईल बघत बसतो. मला उठायचं होतं, पण पायांना मुंग्या आल्या होत्या. मी हात वर करून रांगेला थांबवायला गेलो, तर त्या हातात आजोबांनी नारळ ठेवला.

"महाराज, जरा घट्ट धरा."

"बाबा, थांबा, हे देवाचं न्हाई..."

"हर हर महादेव!"

त्यांनी दगड हाणला. नेम मात्र अचूक होता. नारळाचं सगळं पाणी उरलेल्या भातावर, मोडलेल्या भाकरीवर आणि रांगोळीवर पडलं. ताटात चिखल झाला. स्टेजवर नेमका गोंधळही संपला, आणि त्या शांततेत रांगेच्या टोकाकडून आवाज आला, "बाजूला व्हा, परीक्षक येत आहेत."

पुढे चष्मेवाल्या परीक्षक बाई. त्यांच्यामागे वही घेतलेले गृहस्थ. आणि त्यांच्याबरोबर, ठेवणीतली इरकल नेसून, केसांत गजरा माळून, मंगल.

ती थांबली. तिने ताटाकडे बघितलं. मग रांगेकडे बघितलं. दीडशे कपाळं असतील, दोनशे असतील, सगळ्यांवर तीन तीन पट्टे. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी दोरीच्या आत, मांडी घातलेला, हातात अर्धी करवंटी.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "तुमच्या कपाळाला माझा भात लागलाय."

कुणी हसलं नाही. मला वाटत होतं, कुणीतरी हसावं.

परीक्षक बाई मात्र पुढे झाल्या. डोळे चमकत होते त्यांचे. "वा! म्हणजे लोकांनी ताट संपवणं हाच कलाकृतीचा भाग आहे? सगळं गाव आपल्या कपाळावर ती घेऊन जातंय! हे तुम्ही ठरवून केलंत ना?"

मी जोरजोरात मान हलवू लागलो. मंगल, हो म्हण! फक्त हो म्हण! पुण्याची गाडी समोर येऊन उभी आहे!

मंगल म्हणाली, "न्हाई मॅडम. ठरवून काही न्हाई. मी पान वाढलं होतं, ते बघायसाठी होतं. ह्यांनी बघितलं न्हाई."

बाईंनी चिखलाकडे पुन्हा एकदा बघितलं, मंगलच्या दंडावर हलकेच हात ठेवला आणि त्या पुढच्या चित्राकडे गेल्या. गृहस्थांनी वही मिटली. पुणे तिथेच संपलं.

मंगल खाली बसली आणि पदर खोचून ओली राख डब्यात भरू लागली. मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो.

"मंगल, दुकानातली पाहिजे ती साडी घे."

"दुकान माझंच हाय."

"पुढल्या वर्षी मी स्वतः राख गोळा करून देतो."

"पुढल्या वर्षी तुमाला गावाबाहेर पाठवणार हाय."

"मग... जिलबी आणू का गरम?"

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. गिरीशने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"दाजी, आता तरी बोला की कायतरी तिला."

"बोललो की! साडी म्हणलो, जिलबी म्हणलो..."

"ते बोलणं झालं का दाजी? ती खरेदी झाली."

ते मला लागलं. आमच्या घरात "चुकलं" हा शब्द पुरुषांच्या तोंडी कधी आलाच नाही. वडील आईवर विनाकारण ओरडले की संध्याकाळी जिलबी आणायचे, आणि आई ती पोरांना वाटून टाकायची. स्वतः तिने कधी खाल्लेली मला आठवत नाही. मी तसाच अनवाणी स्टेजकडे चालू लागलो. माझं कपाळ, राखेने भरलेले हात आणि गुडघ्यापर्यंतचा चिखल बघून निवेदकाला मी पुढच्या भजनी मंडळातला वाटलो. त्याने आदराने माईक दिला.

"नमस्कार," मी म्हणालो. आवाज अख्ख्या मैदानभर घुमला आणि मीच दचकलो. "मघाशी मी ज्यांच्या कपाळाला विभूती लावली, त्यांनी ऐका. ती विभूती न्हाई. ती माझ्या बायकोनं केलेली कलाकृती होती. मी महाराज न्हाई. माझं कापडाचं दुकान हाय."

मैदानात कुजबूज झाली. कपाळाकडे हात गेले. पुढच्या रांगेत ते फेटेवाले आजोबा नारळाचं खोबरं चावत होते, ते चावायचे थांबले.

मला लांब मांडवाच्या दाराशी मंगल दिसली. हातात डबा धरून ती उभी होती. माईकवर बोलायची मला सवय आहे ती फक्त व्यापारी मंडळाच्या सभांची, आणि तिथे कोणी बायकोची माफी मागत नाही. पण आता मागे फिरायला जागा नव्हती.

"मंगल," मी म्हणालो, "चुकलं माझं. तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं न्हाई. तू महिनाभर माझ्यासमोर बसून करत होतीस. मी बघितलं न्हाई. आज समोर आलं तर वाचलंसुद्धा न्हाई. तुझं ताट पुण्याला गेलं असतं. माझ्यामुळं न्हाई गेलं. माफ कर मला."

मंगलने डबा खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. इथे मी थांबायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे माईक खाली ठेवला असता. पण माझं डोकं बंद पडलं होतं, आणि तोंडाला सभांची जशी सवय होती तसंच ते पुढे चालू राहिलं:

"...एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!"