आबांच्या उजवीकडची जागा

"सांगा."

आबा एवढंच म्हणायचे. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर पुढच्या ट्रकच्या फाळक्यावर. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून पुढचा रस्ता बघायचो आणि म्हणायचो, "मोकळं हाय." मग आबा ती लांबलचक गाडी ट्रकच्या बाजूने पुढे काढायचे. मी "थांबा" म्हटलं, तर पुन्हा विचारत नसत.

गाडी अमेरिकन होती. मागच्या पत्र्यावरच्या नावातली निम्मी अक्षरं गळाली होती, म्हणून गावाने तिचं नाव 'अमेरिका' ठेवलं. 'अमेरिका ओढ्यात अडकली, बैल घेऊन या' असं कानावर आलं तरी आमच्याकडे कुणी दचकत नसे. आबा हैदराबादला गेले होते ते विहिरीवर बसवायचं इंजन आणायला. तिथे एका जहागीरदाराच्या नातवाने ही गाडी विकायला काढलेली. आबांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या काकूंनी, दारातच विचारलं, "इंजन कुठाय?" आबांनी बॉनेट उघडून दाखवलं. "हे काय. लई मोठं मिळालं." काकू त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

आता तुम्हीच विचार करा. आपण चालायचं रस्त्याच्या डाव्या अंगाने, आणि या गाडीचं स्टिअरिंगही डावीकडे. पुढे साधी कडब्याची गाडी असली तरी तिच्यापलीकडचं आबांना काही दिसत नसे. उजवीकडे बघणारा माणूस लागायचाच. आबा त्या गाडीतून एकटे कधी गेले नाहीत. आधी तिथे काकू बसायच्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि ती जागा मला मिळाली. मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी, आबा चेअरमन. खोटं कशाला सांगू, सेक्रेटरी झालो तेव्हापेक्षा त्या जागेवर बसलो तेव्हा मला जास्त आनंद झाला.

त्या जागेचा एक तोटा होता. आपल्याकडे उजवीकडे बसतो तो ड्रायव्हर आणि डावीकडे बसतो तो साहेब. धारूरला सोसायट्यांची बैठक असली की लोक हार घेऊन डाव्या दाराकडे धावायचे आणि मला सांगायचे, "ड्रायव्हर, तुमी तिकडं लिंबाखाली बसा. च्या तिकडंच येईल." एकदा मी मुकाट्याने जाऊन बसलो. थोड्या वेळाने आबा गळ्यातल्या हारासकट माझ्या शेजारी येऊन टेकले. "गाडी मी चालवली," ते मांडवातून धावत आलेल्या मंडळींना म्हणाले, "माझी जागा हितंच." शेवटी बैठक लिंबाखाली झाली. माझे सासरे मात्र मरेपर्यंत मला ड्रायव्हरच समजत होते, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

दुष्काळाच्या साली जो तो आबांना म्हणाला, गाडी काढून टाका. माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे हिच्या रेडिएटरला रोज पाणी पाजायचं म्हणजे डोळ्यांवर येतं. आबांनी आंघोळ एक दिवसाआड केली आणि ते पाणी गाडीला ठेवलं. "आंघोळ अमेरिकेची होती, ह्यांची न्हाई," काकू सगळ्यांना सांगत. सोसायटीत तेव्हा दूध राहिलंच नव्हतं. आम्ही जनावरांची छावणी चालवत होतो.

एके दिवशी छावणीत संध्याकाळपुरताच चारा उरला. चाऱ्याच्या ट्रकांचा कागद अंबाजोगाईच्या कचेरीत पाचच्या आत घ्यायचा होता. आम्ही दुपारी निघालो. धारूरच्या पुढे ऊसतोडीला निघालेल्यांचा एक ट्रक लागला. संसार, पोरं, शेळ्या, सगळं वर भरलेलं.

"सांगा."

"मोकळं हाय."

मोकळं नव्हतं. पुढे रस्ता एका खोलगट लवणात उतरत होता आणि त्या लवणातून एक जीप एकदम वर आली. आबांनी गाडी सरळ उजवीकडच्या शेतात घातली. पेरलेलं असतं तर कुणाचं तरी पीक गेलं असतं. त्या साली तिथे ढेकळांशिवाय काही नव्हतं. धुरळा खाली बसला.

"लागलं का, सेक्रेटरी?"

"न्हाई. पण आबा, माझं चुकलं. उद्यापासून दुसरा माणूस बघा."

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, फुटलेल्या दिव्याची काच उचलून खिशात टाकली आणि म्हणाले, "बसा."

थोड्याच वेळात तोच ट्रक पुन्हा पुढे आला. चढाला तो बैलाच्या चालीने चालला होता. वरची पोरं आमच्याकडे बोट दाखवून हसत होती.

"सांगा," आबा म्हणाले.

मी वाकून बघितलं आणि पुन्हा आत येऊन बसलो. आबांनी गाडी ट्रकच्या मागे ठेवली. एक मैल गेला, दोन गेले. रस्ता मला स्वच्छ दिसत होता. घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

"आबा, कचेरी बंद व्हईल."

"व्हईल की."

"जनावरं उपाशी राहतील. काढा ना पुढं."

"मला दिसंना. दिसतंय तुमाला."

"मगाशी मला तरी कुठं दिसलं!"

"मगाशी लवणाचं ध्यान न्हवतं. आता जन्मात इसरणार न्हाई तुमी." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "मंग आता तुमच्याएवढा चांगला माणूस मी आणू कुठून?"

मी कमरेपर्यंत बाहेर वाकलो. डोळ्यांत धूळ होती आणि धुळीशिवायही काही होतं. समोर बघितलं, लवण बघितलं, पुन्हा बघितलं.

"मोकळं हाय, आबा."

कारकून कुलूप लावत होता तेव्हा आम्ही पोचलो. कागद मिळाला, आणि रात्री चारा आला.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या साली पुण्याचा एक हौशी माणूस ती दुरुस्त करून घेऊन गेला. "एकट्यानं नेऊ नका," मी त्याला बजावलं, "उजवीकडं माणूस लागतो."

"काका, आता चौपदरी रस्ता झालाय," तो हसला. "मध्ये दुभाजक आहे. समोरून कोण येणार?"

गावापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता मात्र अजून अरुंदच आहे. तेवढ्यापुरतं मी बसू का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला. वाटेत उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मी सवयीने वाकून पुढचं बघितलं आणि त्या पुण्याच्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने काही विचारलं नाही. ट्रॅक्टर आपणहून बाजूला झाला.

हमरस्त्यावर मी उतरलो. त्याने मागची बॅग उचलून माझ्या जागेवर ठेवली आणि गाडी सुरू केली. मी लांबवर बघितलं. समोर काहीच नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हणालो,

"मोकळं हाय, आबा."